दगडोजीचे सीलबंद कान

एका जंगलात, मुलांनो, कान सगळ्यांना होते आणि ऐकायची इच्छा कुणालाच नव्हती.

जंगल कुठलं ते विचारू नका. झाडं होती, ओढा होता, वाघ राज्य करत होता आणि बाकीचे त्याला करू देत होते, एवढं तुम्हाला पुरे. मागच्या रांगेनं चुळबुळ थांबवावी. गोष्ट सशाची आहे, आणि सशाच्या गोष्टीत कासव येतंच असं तुम्हाला वाटत असेल तर ते आज येणार नाही.

या सशाचं नाव दगडोजी. पोरगा धीट निघावा म्हणून आईबापांनी हौसेनं ठेवलेलं. नावाचा आणि स्वभावाचा काडीचा संबंध नव्हता. पान गळलं की दगडोजी पळायचा. काटकी मोडली की पळायचा. शेजारच्या बिळात साळूमावशी राहायची. ती साळिंदरीण. ती सकाळी उठून अंग झटकायची, तिचे काटे खुळखुळायचे, आणि दगडोजी ओढ्यापलीकडे जाऊन थांबायचा. मग सगळं निवांत झालं की घरी यायचा आणि बायकोला विचारायचा, "काय झालं होतं गं?"

"काही नाही. वारा सुटला होता," ठकूबाई म्हणायची.

ठकूबाई म्हणजे त्याची बायको. बिळातलं सगळं तीच बघायची. पिल्लांना कोवळं गवत शोधून द्यायचं, पावसापाण्याचं बघायचं, आणि नवऱ्यानं पळताना लाथाडलेलं सामान परत जागेवर लावायचं. बाई सोशीक होती. पण सोशीक बाईला तोंड नसतं असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्याचं लग्न झालेलं नसणार.

मागच्या पिल्लांच्या बारशाला फारच झालं होतं. आत्या पाळण्यापाशी वाकली. बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. आत्यानं कुर्रर्र केलं. बाळ हसलं आणि बाप पळाला. जाताना घुगऱ्यांचं पातेलं उलटं केलं आणि सासूबाईंच्या अंगावरून गेला. सासूबाई पुढे बरेच दिवस ती जागा शेकत होत्या.

आता नवी पिल्लं झाली होती आणि बारसं तोंडावर आलं होतं.

"हे बघा," ठकूबाई म्हणाली, "या बारशाला पाळण्याशेजारी बसायचं. बाप म्हणून. सगळं होईपर्यंत. या खेपेला पळालात तर मी पिल्लं घेऊन माहेरी जाईन आणि परत यायची नाही."

"मी आणायला येईन ना," दगडोजी म्हणाला.

"याल. आणि माझ्या भावाला शिंक आली की परत जाल."

दगडोजीला हे फार लागलं. कारण त्याचा ठकूबाईवर जीव होता. अगदी पळतानासुद्धा त्याच्या मनात तीच असायची. ती मागे राहिलेली असायची, एवढंच. तो रात्रभर तळमळला नाही, कारण सशाला तळमळायला कूस बदलावी लागते आणि कूस बदलली की पाला वाजतो. पण सकाळी त्यानं ठरवलं की यावर काहीतरी इलाज करायचाच. दोष पायांचा नाही, कानांचा आहे. कानांना ऐकू आलं नाही तर पाय पळणार कशाला?

त्या दिवसांत जंगलात हेडफोनची साथ आली होती. कानात खुपसायचे हेडफोन. एक एवढीशी डबी गळ्यात अडकवायची, त्यात गाणी भरलेली. डबीतून वायर निघायची, वायरच्या टोकांना रबराची मऊ बोंडं. ती कानाच्या भोकात गच्च बसली की बाहेरचं बाहेर राहायचं. मोर हेडफोन लावून नाचायचा, ढग आले की नाही ते बघतही नसे. अस्वलीण अस्वलाच्या घोरण्यावर हेच औषध घ्यायची. हरणं चरताना लावायची आणि त्यामुळे हरणांची संख्या जरा कमी झाली होती, पण उरलेल्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

हा सगळा माल विकायचा हुप्पाशेठ. वडाच्या दुसऱ्या फांदीवर त्याचं दुकान होतं. जात माकडाची, पण बोलणं असं गोड की गिऱ्हाईक झाडावर चढता येत नसलं तरी चढायचं.

"या या, दगडोजीराव," हुप्पाशेठ म्हणाला. "काय कान आहेत हो तुमचे. या कानांना हेडफोन नाही म्हणजे देवळाला कळस नाही. बसा."

त्यानं लहान बोंड काढलं आणि दगडोजीच्या कानात ठेवलं. ते आत गेलं ते गेलंच. हुप्पाशेठनं शेपटीचं टोक घालून ते बाहेर काढलं, तोपर्यंत दगडोजीनं दोनदा देवाचं नाव घेतलं होतं.

मग मोठं बोंड. ते आत जाईना. जोर लावला तेव्हा गेलं आणि दगडोजीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडू आलं का गाणं ऐकून?" हुप्पाशेठनं विचारलं.

"अजून गाणं लावलं नाही तुम्ही."

मग मधलं. मधलं मात्र झकास बसलं. हुप्पाशेठनं गाणं सुरू केलं. दगडोजीच्या तोंडावर हसू आलं, आणि सवयीनं त्यानं समोरचं पान तोंडात टाकून चावायला सुरुवात केली. चावताना जबडा हलला, जबड्याबरोबर कान हलला, आणि बोंड टपकन खाली पडलं. परत घातलं, परत चावलं, परत पडलं. आता ससा म्हणजे दिवसभर चावणारा प्राणी. न चावता बसलेला ससा तुम्ही पाहिला असेल तर तो मातीचा असणार.

"थोडे दिवस खाणं बंद ठेवा," हुप्पाशेठनं सुचवलं.

नीट पाहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. डाव्या कानात मधलं बोंड जरा तरी टिकत होतं, उजव्यात ते सैल पडत होतं. उजव्याला थोडं मोठं हवं होतं.

"मग डाव्याला मधलं द्या आणि उजव्याला मोठं," दगडोजी म्हणाला.

"जोडी फोडता येत नाही."

"पण माझे कान जोडीचे नाहीत."

"ते तुमच्या आईवडिलांना विचारायचं. मी जोडी जशी आली तशी विकतो."

शेवटी दगडोजी मधली जोडी घेऊन घरी गेला. पण गाण्यात काही जीव वाटेना. गाणारी बाई पत्र्याच्या डब्यात बसून गातेय असं वाटायचं. साळूमावशीनं एकदा तीच डबी आपल्या कानाला लावली आणि म्हणाली, "अरे, काय ढोल वाजतोय यात." दगडोजीनं तो ढोल कधीच ऐकला नव्हता. बोंड नीट बसलं नाही, कुठे फट राहिली, की गाण्यातला ढोल आधी पळून जातो. दगडोजीला त्या ढोलाबद्दल थोडी आपुलकी वाटली.

तो परत वडावर गेला. या खेपेला हुप्पाशेठनं स्पंजची बोंडं काढली. ती बोटांनी चेपून बारीक करायची, कानात घालायची आणि फुगेपर्यंत थांबायचं. दगडोजी थांबला. बोंडं हळूहळू फुगली आणि बाहेरचं जग विझल्यासारखं झालं. पक्षी गप्प. वारा गप्प. हुप्पाशेठचं तोंड हलत होतं पण त्यातून भाव निघत नव्हता. दगडोजीला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात आतून आवाज आला. धड धड. धड धड. आणि मधूनच, कर्रम कर्रम. कुणीतरी दांडगं जनावर, गवत चावत, पाय आपटत, थेट आपल्या डोक्यात शिरलंय.

दगडोजी पळाला. आता तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलं असेल की ती धडधड त्याच्याच काळजाची होती आणि कर्रम कर्रम त्याच्याच दातांचं. कान गच्च बंद केले की आपलंच आपल्याला मोठ्यानं ऐकू येतं. पण हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकू कसं जाणार? तो पळू लागला तशी धडधड वाढली. धडधड वाढली तसा तो जोरात पळाला. जंगलाला वळसा घालून तो वडाखालून गेला तेव्हा हुप्पाशेठनं त्याला हाक मारली. दुसऱ्यांदा गेला तेव्हा हुप्पाशेठनं नुसता हात हलवला. अखेर ओढ्यात पडून स्पंज भिजला, बोंडं निसटली, आणि दगडोजी धापा टाकत काठावर बसला.

"अहो, कशाला भ्यालात?" ठकूबाईनं विचारलं.

"काही नाही. वारा सुटला होता," दगडोजी म्हणाला.

त्यानंतर तीन मजली बोंडं आली. एकावर एक तीन छत्र्या असलेली. ती आत जायला तयार होती पण बाहेर यायला नाही. मग हुप्पाशेठनं घालायची रीत बदलली. त्यानं दगडोजीचा कान धरला, वर ओढला, मागे खेचला आणि मधलं बोंड पिळत पिळत आत बसवलं. शाळेत मास्तर हेच करायचे, फक्त तेव्हा आत काही जात नसे. आणि काय सांगू, बोंड अगदी फिट्ट बसलं. ढोल आला. दगडोजीच्या अंगावर काटा आला. त्यानं खुशीत मान डोलवली, हुप्पाशेठनं कान सोडला, आणि बोंड गळून पडलं.

कान धरून ठेवला की बसायचं, सोडला की सुटायचं. पुढे काही दिवस दगडोजी स्वतःचे दोन्ही कान धरून जंगलात हिंडत होता. जो भेटेल तो विचारायचा, "काय चूक झाली हो हातून?" आधी तो खुलासा करायचा, मग नुसतं "झाली" म्हणायचा. पण पंजे कानांना गुंतले की तोंडात घास घालता येत नाही. तो वाळला. बारसं चार दिवसांवर आलं आणि ठकूबाईनं माहेरी निरोप धाडून ठेवला की बिळात जागा करून ठेवा.

दगडोजी पुन्हा वडावर चढला. आता त्याला चढायचा सराव झाला होता.

"शेठ, काहीतरी करा. माझा संसार मोडायला आलाय."

हुप्पाशेठ वैतागला होता. "दगडोजीराव, माल उत्तम आहे. तुमचं सील होत नाहीये, त्याला मी काय करू?"

"सील?"

"बोंड आणि कान यांच्यात फट राहिली नाही की म्हणायचं सील झालं. तुमचं होत नाही."

"मग सील करून द्या ना."

"माझ्याकडे होतं तेवढं केलं."

"पण सील कुठे होईल? सील कोण करतं?"

"सील, सील, सील," हुप्पाशेठ खेकसला. "सील करायचं काम भाऊसाहेबांचं. जा, त्यांच्याकडे जा."

हा टोमणा होता. तुम्हाला कळला, मला कळला. पण दगडोजी त्या वेळी टोमणे कळण्याच्या पलीकडे गेला होता. त्यानं हुप्पाशेठचे आभार मानले आणि सरळ दरबाराची वाट धरली.

भाऊसाहेब म्हणजे दरबारचा कारभारी कोल्हा. जंगलात कुणी काही वाकडं केलं की भाऊसाहेब लाख वितळवून, वर राजाच्या पंजाचा ठसा मारून त्या जागेला सील ठोकायचे. अस्वलाच्या मधाच्या दुकानाला त्यांनीच सील ठोकलं होतं. तरसाच्या गुहेलाही. तरस आत असताना. त्यांच्याकडे येणारा जो तो सील काढा म्हणून गयावया करत यायचा. आपण होऊन सील मागणारा आजवर कुणी आला नव्हता.

"साहेब, दोन्ही कान सील करून हवेत," दगडोजी म्हणाला.

भाऊसाहेबांच्या हातातलं हाड खाली पडलं. "काय करून?"

"सील. गच्च. फट राहता कामा नये."

"गुन्हा काय?"

"आवाज येतो साहेब."

"परवानगी नसलेला आवाज?"

"मी तरी दिलेली नाही," दगडोजी म्हणाला.

भाऊसाहेबांनी हाड उचलून बाजूला ठेवलं. इतकी वर्षं नोकरी केली, शिव्या खाल्ल्या, आणि आज कुणीतरी त्यांचं काम मनापासून मागायला आलं होतं. त्यांनी दोन कावळ्यांना पंच म्हणून बोलावलं. कावळ्यांनी कान पाहिले आणि सांगितलं, कान दोन, पैकी एक किंचित बेताचा. बोंडं घालून घेतली. भाऊसाहेबांनी स्वतः लाख तापवली. आधी डाव्या कानाच्या भोकावर ओतली, मग उजव्या. वर राजाच्या पंजाचा ठसा. दोन्ही कान लोणच्याच्या चिनी बरण्यांसारखे बंद झाले.

आणि मग भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे सूचना दिली. दरबारात सूचना नेहमी काम झाल्यावर देतात. "हे आता सरकारी सील आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी फोडल्यास शिक्षा राजेसाहेब स्वतः देतील, आणि ती जेवणाच्या वेळेस देतील. समजलं?"

दगडोजी हसला आणि त्यानं मान डोलवली. भाऊसाहेबांनी इतका समजूतदार ससा पाहिला नव्हता.

सील मात्र असं झालं होतं की काय विचारता. चावा, धावा, शिंका, बोंड जागचं हलत नव्हतं. ढोल तर असा यायचा की पोटात घुमायचा. पुढे डबीतला चार्ज संपला तेव्हा गाणंही थांबलं आणि उरली ती धडधड आणि कर्रम कर्रम. पण आपल्याच काळजाला किती भ्यायचं, त्यालाही मर्यादा असते. दगडोजीला त्याची सवय झाली. पानं गळायची, त्याला ती फक्त दिसायची. दिसणारं पान इतकं हलकं असतं हे त्याला कधी माहीत नव्हतं.

बारशाला तो पाळण्याशेजारी बसला. ठकूबाई येताजाता त्याच्याकडे बघत होती. आत्या वाकली, एकेका पिल्लाच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं. धपाटे पडले. दगडोजी बसून होता. मामानं शिंक दिली. दगडोजी बसून होता. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं पहिल्यांदा आईकडे अभिमानानं पाहिलं.

तेवढ्यात जवळच डरकाळी झाली. वाघ जेवून शतपावलीला निघाला होता आणि त्यानं आपली सहज दिली. घडीत सगळी बिळं भरली. आत्या गेली, मामा गेला, सासूबाई सगळ्यांच्या पुढे. ठकूबाईनं पिल्लं उचलली आणि झुडपात शिरली. दगडोजी रिकाम्या पाळण्याशेजारी बसून होता, कारण सगळं होईपर्यंत बसायचं असं त्याला सांगितलेलं होतं.

त्यानं वर पाहिलं तेव्हा समोर वाघ उभा होता. दगडोजीला पळायचं होतं हो. पण जन्मभर त्याचे पाय कानांनी चालवलेले. कानांकडून काही हुकूम येईना आणि पायांना आपल्या मनानं काही करायची सवय नव्हती. तो बसून राहिला. सवयीनं चावत राहिला.

वाघ त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पुन्हा गरजला. दगडोजीच्या मिशांचे केस मागे गेले, बाकी काही झालं नाही. वाघाचं पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटी राजे गुणांची कदर करतात. त्यानं सशाच्या कानांवर स्वतःचा ठसा पाहिला आणि त्याला भरून आलं.

"भाऊसाहेब," वाघ मागून चालणाऱ्या कारभाऱ्याला म्हणाला, "कुणाच्या ओरडण्यानं हलत नाही असा माणूस मी किती दिवस शोधतोय. तक्रारनिवारणाच्या जागेवर याला बसवा."

ती जागा बरेच दिवस रिकामी होती. आधी तिथे एक सांबर होतं. ते लोकांच्या तक्रारी खरोखर ऐकायचं, त्यामुळे त्याची भूक गेली आणि ते रजेवर गेलं ते परत आलं नाही. आता तिथे दगडोजी बसू लागला. समोर रांग लागायची. जो तो आपलं गाऱ्हाणं सांगायचा आणि दगडोजी त्याच्या तोंडाकडे बघत शांतपणे चावायचा. तोंड हलायचं थांबलं की म्हणायचा, "बघतो. होऊन जाईल. पुढचे." हे वाक्य त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. जन्मभर कुठल्याही कचेरीत गेला तरी त्यानं दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

लोक खूश झाले. "मध्ये बोलत नाहीत हो. शेवटपर्यंत ऐकून घेतात," असं सगळे म्हणायचे. कुणाचं काही होत नव्हतं, पण ते आधीही होत नव्हतं. दगडोजीला वाटायचं की एवढे सगळे आपल्या धीटपणाचं कौतुक करायला रोज येतात. थोडं जास्तच होतंय असंही वाटायचं, पण तो कुणाला तोडून बोलत नसे.

घरी मात्र ठकूबाई बोलायची आणि तो मान डोलवायचा. ती रागावली की तो डोलवायचा. ती गप्प बसली तरी डोलवायचा. एकदा तिनं काडी घेऊन लाख उकरायला सुरुवात केली, तर दोन्ही पंच कावळे फांदीवर येऊन बसले आणि त्यांनी राजाच्या जेवणाची वेळ सांगितली. तिनं काडी टाकून दिली.

मग एके दुपारी रानमांजर आलं. ते बिळाच्या तोंडाशी, पिल्लांच्या अगदी जवळ आलं. ठकूबाई ओरडली. पूर्वी असं काही झालं की सगळ्यांच्या आधी दगडोजी पळायचा, आणि त्याला पळताना बघून बाकीच्यांना कळायचं की पळायला हवं. कित्येकदा त्यामुळे पिल्लं वाचली होती, हे ठकूबाईच्या त्या दिवशी लक्षात आलं. आज तो पाठ करून उन्हात बसला होता. ठकूबाईनं मागच्या पायांनी माती उडवली, मांजराच्या डोळ्यांत गेली, मांजर फिस्कारत गेलं. साळूमावशी काटे उभारून धावत आली. धूळ अंगावर आली तेव्हा दगडोजीनं वळून पाहिलं, आणि बायको धुळीत खेळतेय असं वाटून तो तिच्याकडे प्रेमानं हसला.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई दरबारात रांगेत उभी राहिली. पिल्लं बरोबर होती, बोचकं डोक्यावर होतं. दगडोजीला ती दिसली आणि बरं वाटलं. जेवण घेऊन आली असणार.

"अहो," ठकूबाई म्हणाली, "मी भांडायला आले नाही. तुम्ही पळायचात तेव्हा मला राग यायचा. पण तेव्हा तुम्ही परत येऊन विचारायचात, काय झालं होतं म्हणून. आता विचारतही नाही." तिनं पिल्लांना पुढे केलं. "यातल्या एकाचं नाव सांगा. कुठल्याही एकाचं. सांगितलंत तर मी इथूनच परत फिरते."

रांग पुढे सरकून ऐकू लागली. भाऊसाहेबांनीसुद्धा कान टवकारले. पिल्लांनी बापाकडे पाहिलं.

दगडोजीनं तिचं तोंड थांबेपर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांना म्हणायचा त्यापेक्षा कितीतरी मायेनं म्हणाला, "बघतो. होऊन जाईल. पुढचे."

ठकूबाईनं डोक्यावरचं बोचकं सावरलं. मागच्या मुंगसानं घसा खाकरला. ती पिल्लं घेऊन निघून गेली.

संध्याकाळी दगडोजी घरी आला तेव्हा बिळात शांतता होती. ती त्याला रोजच असायची, म्हणून तो निवांत बसला. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की गवत कुणी आणून ठेवलेलं नाही, पाळणा नाही, आणि कोपऱ्यात झोपलेलं कुणीच नाही. तो बाहेर धावला. साळूमावशी दारात उभी होती. तिनं डोक्यावर बोचकं घेतल्याची खूण केली आणि ओढ्यापलीकडे बोट दाखवलं.

दगडोजी ओढ्याशी गेला. पिल्लांना हाका मारायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. काय म्हणून हाक मारायची? नावं ठेवली तेव्हा तो तिथेच बसला होता, सगळं होईपर्यंत. तो "अगं" म्हणून ओरडला. "अगं, ऐकतेस का?" पलीकडून उत्तर आलं असेल किंवा नसेल. त्याला कळायला मार्ग नव्हता. तो काठावर बसून रडला, आणि मुलांनो, सीलबंद कानांनी रडणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

सकाळी तो भाऊसाहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, पाया पडतो. सील काढा. मला सासरी जायचंय. नावं विचारायचीयत."

भाऊसाहेबांनी हळहळून मान हलवली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी जुनी होती, पण अक्षर स्वच्छ होतं. सील काढून घेणाऱ्यानं आपलं म्हणणं तक्रारनिवारण अधिकाऱ्यासमोर तोंडी मांडावं. अधिकाऱ्यानं ते ऐकून घेतल्यास सील काढलं जाईल.

दगडोजीनं पाटी दोनदा वाचली. मग तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची खुर्ची रिकामी असल्यानं रांग हलेना, तेव्हा लोकांनीच त्याला पुढे जाऊ दिलं. रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. बारसं सांगितलं, बोंडं सांगितली, ठकूबाई सांगितली. काही राहिलं नाही. ऐकणाऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माकडिणीनं डोळे पुसले.

मग तो धावत वळसा घालून गेला आणि खुर्चीवर बसला. समोरच्या जागेकडे, जिथे तो मघाशी उभा होता, त्यानं लक्ष देऊन पाहिलं. कान टवकारले. मागे झुकवले. पुढे आणले. धडधड ऐकू आली, दुसरं काही नाही. भाऊसाहेब लाख फोडायची हातोडी हातात घेऊन थांबले होते. सगळी रांग थांबली होती.

दगडोजीनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

"बघतो," तो म्हणाला. "होऊन जाईल. पुढचे."

तात्पर्य: कान उघडे ठेवणारा जन्मभर पळतो आणि घरी येऊन बोलणी खातो. म्हणून बोंडं नेहमी गच्च बसणारीच घ्यावीत. त्यानं खुर्ची मिळते, लोक चांगलं म्हणतात, आणि आपल्याविरुद्ध एकही तक्रार कधी कानावर येत नाही, अगदी आपली स्वतःचीसुद्धा.